रुपयाचा भाव आणि बाबासाहेब



आपल्या बुद्धविहाराच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. अशा स्मरणिकेत परमपूज्य बाबासाहेबांचं चरित्र यावं ही आपल्याकडची रीतच आहे. चवदार तळ्याचे बाबासाहेब, काळाराम मंदिराचे बाबासाहेब, राज्यघटनेचे आणि दीक्षाभूमीचे बाबासाहेब आपल्या लहान पोरांनाही तोंडपाठ आहेत. पण एका पौंडाला रुपये किती आणि ते का, या एका प्रश्नावर ऐन तारुण्यातली वर्षं खर्ची घालणारे बाबासाहेब आपल्या वस्तीत फारसे कुणाला ठाऊक नाहीत. म्हणून आम्ही या लेखात त्यांचं चरित्र त्या एकाच धाग्याने सांगणार आहोत. आम्ही काही अर्थशास्त्री नाही. आमचं आयुष्य गिरणीच्या खात्यात गेलं. पण महिन्याचा पगार हातात पडला की त्यात किती दिवस चूल पेटते, हे ज्या घराला कळतं त्या घराला हा विषय कळायला हरकत नाही.

आधी थोडा हिशेब समजून घेऊ. त्या काळी इंग्रजांच्या एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगाचे बारा पेन्स होत. म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. आपल्या रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. रुपयाचा भाव पेन्समध्ये सांगायची पद्धत होती. रुपया दोन शिलिंगांचा असेल तर पौंडाला १० रुपये पडत. रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा असेल तर पौंडाला १५ रुपये पडत. आणि १ शिलिंग ६ पेन्सचा असेल तर १३ रुपये ५ आणे ४ पै. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पौंड सोन्याचा आणि रुपया चांदीचा. १८७० च्या सुमारास रुपया साधारण दोन शिलिंगांचा होता. मग जर्मनी आणि युरोपातले इतर देश चांदी सोडून सोन्याच्या चलनाकडे वळले, चांदी स्वस्त झाली आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरत गेला. आता इंग्रज सरकार हिंदुस्थानातून कर गोळा करायचं रुपयांत, पण लंडनला द्यायचं पौंडांत. कर्जावरचं व्याज, रेल्वे कंपन्यांचा हमीचा नफा, गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शन, सगळं पौंडांत. एक कोटी पौंड द्यायचे तर पूर्वी दहा कोटी रुपये लागत, तेच पुढे सोळा कोटी लागू लागले. हे वरचे सहा कोटी कुणाच्या खिशातून जाणार? शेतसाऱ्यातून आणि करांतून. याच ओढाताणीच्या काळात, १८८८ साली, मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. लंडनच्या बाजारात रुपया घसरला आणि इकडे गरिबाच्या भाकरीवरचं मीठ महाग झालं, असा तो संबंध.

अशा काळात १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांच्या पोटी भीमरावांचा जन्म झाला. हे त्यांचं चौदावं अपत्य. घराणं मूळचं कोकणातल्या आंबडवे गावचं. बाळ भीमराव दोन वर्षांचे असताना, २६ जून १८९३ रोजी, सरकारने टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या. तोपर्यंत कुणीही चांदी नेऊन द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत अशी मुभा होती, ती गेली. त्याच वर्षी सरकारने गोऱ्या अधिकाऱ्यांना रुपया घसरल्याची भरपाई म्हणून खास भत्ता मंजूर केला. सुभेदारांसारख्या देशी शिपायाला मात्र कसली भरपाई? त्याची पेन्शन रुपयांत, आणि रुपयाला बाजारात जे येईल ते मुकाट्याने आणायचं. एकाच लष्करात एकाला पौंडाचं संरक्षण आणि दुसऱ्याला नाही, असा हा भेद. हा भेद ज्या घरात सोसला गेला, त्याच घरातल्या पोराने पुढे या विषयाची मुळं खणून काढली.

टांकसाळी बंद झाल्यावर रुपयाची टंचाई झाली आणि काही वर्षांत त्याचा भाव वर चढला. १८९९ मध्ये सरकारने १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडाला १५ रुपये, हा दर पक्का धरला. हा दर टिकवायला लंडनमध्ये भारतमंत्री रुपयांच्या हुंड्या विकायचा. रुपया फार खाली जाऊ लागला की इकडून उलट हुंड्या विकायच्या. देशात सोन्याचं नाणं हातोहात फिरत नाही, फक्त परदेशी देणंघेणं सोन्याच्या दराने होतं. याला सुवर्ण विनिमय पद्धत म्हणतात. मोठमोठे पंडित या पद्धतीवर खूश होते. केन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्र्याने १९१३ साली हिंदी चलनावर ग्रंथ लिहून तिची भलामण केली.

नेमक्या त्याच १९१३ साली बाबासाहेब शिकायला अमेरिकेला निघाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुभेदार वारले होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. पंधराच्या दराने १७२ रुपये ८ आणे. परळच्या चाळीतून निघालेल्या तरुणाच्या पोटापाण्याचा हिशेबच असा पौंड आणि रुपया यांच्या दरात बांधलेला होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी जमाखर्चाचा अभ्यास केला. १९१५ साली एम. ए. झाले. १९१६ साली लंडनला येऊन ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पुस्तकं वेगळ्या जहाजाने पाठवली होती, ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना कसं हाकलून लावलं ते आपल्याला ठाऊकच आहे. पुढे १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथेही शिल्लक टाकत राहिले ती एकाच ध्येयाने, लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायचा.

इकडे पहिल्या महायुद्धात चांदी भलतीच महाग झाली आणि रुपयाने उलटी उडी मारली. डिसेंबर १९१९ पर्यंत सरकारने दर २ शिलिंग ४ पेन्सवर नेला. १९२० च्या सुरुवातीला एका सरकारी समितीच्या शिफारशीवरून सोन्याचे २ शिलिंग हा दर ठरवण्यात आला. समितीतले एकटे हिंदी सभासद दादिबा दलाल यांनी विरोधी मत नोंदवलं, पण ऐकतो कोण? बाजाराने तो दर मानला नाही. उलट हुंड्या विकून दर सावरण्याच्या खटाटोपात देशाचे कोट्यवधी रुपये बुडाले. १९२१ साली रुपया १ शिलिंग ४ पेन्सच्या आसपास आणि त्याच्याही खाली आला.

आणि याच घसरणीच्या वेळी, जुलै १९२० मध्ये, बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले होते. या खेपेला सरकारी शिष्यवृत्ती नव्हती. स्वतःची शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडचं कर्ज, एवढी शिदोरी. आता हिशेब करून पहा. हजार रुपयांचे दोन शिलिंगांच्या दराने १०० पौंड होतात. तेच हजार रुपये १ शिलिंग ४ पेन्सच्या दराने ६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. रुपये तेवढेच, पण तिसरा हिस्सा वाटेतच गडप. परदेशात रुपयांच्या भरवशावर शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला ही घसरण म्हणजे काय हे सांगायला ग्रंथ लागत नाही, रोजचं जेवण सांगतं. बाबासाहेब अर्धपोटी राहून ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचत बसत. इकडे मुंबईत माता रमाई चार पैशांत संसार ओढत होत्या. या दोघांच्या उपासमारीतून जो ग्रंथ उभा राहिला त्याचं नाव ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, म्हणजे रुपयाचा प्रश्न.

ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी हा प्रबंध लंडन विद्यापीठाला सादर केला. इंग्रज सरकारच्या चलननीतीवर त्यात सडकून टीका होती. ती परीक्षकांना रुचली नाही. मार्च १९२३ मध्ये पुन्हा लिहून आणायला सांगितलं. हातात पैसा उरला नव्हता, ते मुंबईला परतले. इथून त्यांनी मांडणीत फेरफार करून प्रबंध पुन्हा पाठवला, पण निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. अखेर १९२३ सालीच त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली आणि डिसेंबरात लंडनमध्ये ग्रंथ छापून निघाला. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. आपले मतभेद त्यांनी त्यात उघड सांगितले आणि विद्यार्थ्याच्या ताज्या बुद्धीची तारीफही केली. सांगायची गोष्ट अशी, की पदवी अडली तरी बाबासाहेबांनी हिशेबात खोट केली नाही.

या ग्रंथात त्यांनी काय सांगितलं? आम्हाला उमगलं ते आमच्या भाषेत मांडतो. सरकार म्हणत होतं की पौंडाशी दर स्थिर राहिला म्हणजे चलन सुदृढ. बाबासाहेबांनी विचारलं, हा दर लंडनमध्ये स्थिर राहील, पण इथल्या बाजारात त्या रुपयाला धान्य किती मिळतं त्याचं काय? रुपयाच्या नाण्यात जेवढी चांदी होती तिच्यापेक्षा त्याची किंमत जास्त धरलेली होती, म्हणजे नाणी पाडण्यात सरकारला नफा होता. आणि किती पाडावीत याला पक्की मर्यादा नव्हती. जास्त नाणी बाजारात आली की भाव चढतात. भाव चढले की व्यापारी माल महाग विकून निभावून नेतो, पण ज्याची मजुरी ठरलेली आहे तो मारला जातो. चलनाची सूत्रं अधिकाऱ्यांच्या मर्जीवर ठेवायची आणि ते शहाणपणानेच वागतील असा भरवसा धरायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. चलन असं हवं की मूर्खाच्या हाती गेलं तरी बिघडू नये आणि लबाडाच्या हाती गेलं तरी त्याचं काही चालू नये. म्हणून त्यांचा उपाय असा, की रुपये पाडणं कायमचं बंद करा, त्यांच्या संख्येला पक्की हद्द घाला आणि सोन्याचं नाणं खरोखर चलनात आणा. केन्ससारख्या नामांकित पंडिताच्या विरोधात हे मत एका तिशीतल्या हिंदी विद्यार्थ्याने मांडलं.

पुढे १९२५ साली सरकारने हिंदी चलनासाठी शाही कमिशन नेमलं. त्याला हिल्टन यंग कमिशन म्हणतात. १५ डिसेंबर १९२५ रोजी बाबासाहेबांची त्याच्यापुढे साक्ष झाली. तेव्हा देशभर वाद पेटला होता, रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा ठेवायचा की १ शिलिंग ६ पेन्सचा? ऐकायला फरक दोन पेन्सचा. पण पौंडामागे तो १ रुपया १० आणे ८ पै इतका होतो. गिरणीमालक आणि बडे व्यापारी १ शिलिंग ४ पेन्सच्या बाजूचे होते. कारण त्या दराने मँचेस्टरचं कापड इथे महाग पडणार आणि इथला माल परदेशात विकला तर पौंडामागे जास्त रुपये मिळणार. सरकारला आणि विलायतेला पैसा धाडणाऱ्या गोऱ्यांना १ शिलिंग ६ पेन्स हवे होते.

बाबासाहेबांनी पाहिलं ते तिसऱ्याच बाजूने. त्यांचं पहिलं म्हणणं असं, की खरा प्रश्न दराचा नाही, पद्धतीचा आहे. मुळातली पद्धत सदोष राहिली तर कुठलाही दर टिकायचा नाही. आणि दराचंच बोलायचं तर, दर खाली नेणं म्हणजे देशात भाव चढवणं. भाव चढले आणि मजुरी तीच राहिली, तर मालकाच्या नफ्यातला काही हिस्सा मजुराच्या ताटातून आलेला असतो. थोडी घसरण दोघांनाही चालेल, पण जास्त झाली तर कष्टकरी भरडला जाईल. म्हणून त्यांचा कल १ शिलिंग ६ पेन्सच्या जवळ राहण्याकडे होता.

गिरणीत राबलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळते. पगार कापला की कामगार फाटकावर जमतात, संप होतो. पण पगार तोच ठेवून रुपयाच हलका केला तर संप कुणाविरुद्ध करायचा? पाकीट तेवढंच जाड, आणि वाण्याकडची पिशवी मात्र अर्धी. ही न दिसणारी पगारकपात असते. महागाई भत्त्यासाठी कामगारांनी इतके लढे दिले त्याचं कारण हेच. बाबासाहेब त्या काळात परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारी राहत होते. आजूबाजूच्या खोल्यांतली चूल त्यांना दिसत होती, म्हणून दोन पेन्सच्या पोटात काय दडलंय तेही दिसलं.

कमिशनने १ शिलिंग ६ पेन्सचीच शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी विरोधी मत देऊन १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरला. १९२७ च्या कायद्याने १ शिलिंग ६ पेन्स पक्का झाला. वाद तिथे मिटला नाही. १९३० साली गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यातही दर १ शिलिंग ४ पेन्स करा ही मागणी होती. पुढच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि चढ्या दराचा फटका शेतकऱ्याला बसला, असं म्हणणारेही आहेत. तेव्हा अमुक एक दर सर्वांना सुखाचा, असं कधी नसतं. दर ठरतो तेव्हा कुणाच्या तरी पदरात पडतं आणि कुणाच्या तरी पदरातून जातं. ते कुणाचं, हे विचारायला बाबासाहेबांनी शिकवलं.

इथे आणखी एका गोष्टीचा खुलासा करणं जरूर आहे. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली असं जयंतीच्या भाषणांतून सर्रास सांगितलं जातं. खरं एवढं, की रिझर्व्ह बँकेची शिफारस या हिल्टन यंग कमिशनच्या अहवालात होती, त्या कमिशनपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली होती, आणि चलनाच्या प्रश्नावर त्यांचा ग्रंथ त्या वेळी प्रसिद्ध झालेला होता. बँकेचा कायदा १९३४ साली झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. जे घडलं तेच इतकं मोठं आहे की त्याला वरून मुलामा द्यायची गरज नाही. ऐकीव गोष्ट तपासून घ्या, हे कालामांना सांगणारे तथागत आपले शास्ते आहेत. फुगवून सांगितलेली एक गोष्ट कुणी खोडून काढली, की आपल्या नऊ खऱ्या गोष्टींवरही लोक शंका घेतात.

यानंतर बाबासाहेबांचं आयुष्य दुसऱ्या लढ्यांनी व्यापून टाकलं. १९२७ साली महाड, १९३० साली नाशिक, मग गोलमेज परिषद. पण कष्टकऱ्याच्या ताटाचा हिशेब त्यांनी सोडला नाही. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाचा हक्क आवळणाऱ्या कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात ते पुढे होते. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याच्या कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. १९४७ साली, घटनेचं काम अंगावर येत असताना, त्यांनी रुपयाच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढली आणि १९२३ नंतरचा इतिहास सांगणारा दुसरा खंड लिहिण्याचं योजलं. तो लिहायला सवड मिळाली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

ते गेले तेव्हाही रुपया १ शिलिंग ६ पेन्सचाच होता. नव्या पैशांच्या हिशेबाने पौंडाला १३ रुपये ३३ पैसे. जून १९६६ मध्ये सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि पौंड २१ रुपयांवर गेला. १९९१ साली पुन्हा अवमूल्यन झालं. २०२४ साली पौंड शंभर रुपयांच्या वर होता. तो न लिहिलेला दुसरा खंड आज असता तर हे सगळं त्यात आलं असतं. आणि आमची खात्री आहे, की प्रत्येक पानावर प्रश्न एकच असता, यात मजुराच्या भाकरीचं काय झालं?

बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीतली मुलं आज शिकताहेत. कुणी बँकेत लागलं, कुणी परदेशी गेलं, तिकडून घरी पैसे पाठवतं. दर चढला की घरात आनंद होतो. त्याच चढ्या दराने बाहेरून येणारं तेल महाग होतं आणि शेजारच्या रिक्षावाल्याच्या घरात चिंता शिरते. या दोन्ही गोष्टी एका वेळी पाहता येणं, यालाच आम्ही अर्थशास्त्र समजतो. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा सहावा खंड काढला, त्यात हा ग्रंथ आहे. इंग्रजी आहे, कठीण आहे. आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन, एकेका पानाला दोन-दोन रात्री घालून वाचला. तुमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना एवढे कष्ट पडायचे नाहीत. दर रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास त्यांनी विहारात बसावं, त्यातलं एक पान मोठ्याने वाचावं आणि त्याचा अर्थ आपल्या आयाबहिणींना घरखर्चाच्या भाषेत सांगावा. आयाबहिणी त्यावर जे प्रश्न विचारतील ते वहीत उतरून ठेवावेत. पुढच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत ते छापायला आम्हाला आनंद होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!